मुनियम्माच्या तांब्यातलं पाणी

गुंडू, तुझं तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी वासूनं हंड्याखाली जाळ केला. चिकपेटेच्या बाजारातल्या सेठचं रंगवायला आलेलं रेशीम तुझ्या आजारपणापासून पडून होतं. मी तुळशीला पाणी घालून मागं गेले, तर तुझा लेक हंड्यावर वाकलेला. मधलं बोट रंगात बुडवलं, झटकलं, जिभेच्या टोकाला लावलं, डोळे मिटले, मान डावीकडं वळवून थुंकला. अगदी तू करायचास तसं. मान वळवणंसुद्धा तुझंच.

मी ओरडले. वासूच्या हातातली काठी पडली.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. विंचू वाटला."

विंचू नव्हता. त्याला आज पाच दिवस झाले. तो रोज चाखतो आणि मी रोज बघते. त्याला सांगायचं तर आधी तुला सांगायला पाहिजे, म्हणून वासूची जुनी वही घेऊन बसले आहे. चौथीपर्यंतच्या मराठी शाळेत जेवढं येतं तेवढं लिहिते. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला तू फार हसायचास. आता सुटलास.

तेराव्याला लोक बरंच काही बोलले. सेठ म्हणाला, तुमच्या भावाच्या हातात रंग होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पानं वाढत होते. रंग हातात नव्हता, जिभेत होता. आणि जीभ माझी तुझ्यापेक्षा बरी होती. हे तुलाही माहीत होतं.

अप्पांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तू सहाचा. अंगणाच्या मागं निळीचे सहा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. नीळ, चुना, गूळ आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. हे सगळं आंबत ठेवायचं आणि रोज सकाळी चाखायचं. चुना जिभेला चावला तर गूळ घाला, रांजण गोडावला तर चुना घाला. अप्पा म्हणायचे, रांजण म्हणजे तान्हं मूल आहे, त्याला काय हवंय ते तोंडानंच कळतं. ते एकेका रांजणात बोट घालून आपल्याला विचारायचे. तू बहुतेक वेळा चुकायचास आणि रडायचास. मी चुकत नव्हते.

घरातली बाई विटाळाच्या चार दिवसांत रांजणाजवळ गेली तर नीळ मरते, असं आपल्याकडं सगळे मानायचे. मी तेरा वर्षांची झाल्यावर मुद्दाम जाऊन आले. एकही रांजण मेला नाही. हे मी तुला सांगितलं आणि तू अप्पांना सांगितलंस. मार मला बसला. पुढं माझं लग्न झालं, सहा वर्षांनी मी कपाळ पुसून परत आले, आणि तोपर्यंत रांजण तुझे झाले होते. तू मला मागं यायला कधी मना केलं नाहीस. दुसरा भाऊ असता तर मला चुलीपुढं बसवून मोकळा झाला असता. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहिते.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर विलायती रंगाचे डबे आले. आधीही होते, पण लढाईत बंद पडले तेव्हा आपली नीळ आणि आपला लाखेचा लाल पुन्हा चालला होता. ते चार-सहा वर्षंच. मग सेठनं तुला एक दिवस चिकपेटेत बोलावलं आणि संध्याकाळी तू पत्र्याचे चार डबे घेऊन आलास. राणी, पोपटी, जांभळा, आणि एक निळा. निळा आपल्या रांजणात सहा दिवसांनी यायचा. डब्यातला निळा उकळत्या पाण्यात, चमचाभर पुडीत आणि थोड्या तेजाबात, त्या जळजळीत आंबट पाण्यात, दुपारच्या आत आला.

मी म्हणाले, "हा निळा नाही. निळीच्या वेषातला सोंगाड्या आहे."

तू म्हणालास, "अक्का, नेसणारीला दिसतो ना निळा? झालं तर."

रांजण तू एकेक करून बंद केलेस. राख आणि फुटकी कौलं भरलीस आणि वर कोळशाचा ढीग टाकलास. कडप्प्याकडून नीळ आणणारा म्हातारा नेहमीसारखा आला. कट्ट्यावर बसला, माझ्याकडून पाणी मागून प्याला, कोळशाच्या ढिगाकडं बघितलं आणि गाठोडं न सोडताच उठला. परत आला नाही. डाळिंबाची सालं वाळवून आणणाऱ्या बायका, लाख आणणारे, सगळे हळूहळू यायचे थांबले. त्यांचं पुढं काय झालं, हे आपल्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आपलं भांडण त्यावरच होतं आणि ते मिटलं नाही. तू म्हणायचास, "तुझ्या निळीत किती बायका नेसतील? श्रीमंतांच्या चार. भांडी घासणारीनं राणी रंग नेसायचाच नाही काय?" मी म्हणायची, "नेसू दे. पण दोन धुण्यांत तो रंग उतरून मोरीत जातो, त्याचं काय?" तू म्हणायचास, "उतरला की नवं घेतील." भांडी घासायला येणाऱ्या बाईनं दिवाळीला राणी रंगाची साडी नेसून मला दाखवली होती. ती हसत होती. तिला मी काय सांगणार होते? आणि डब्यांवर मीही जेवले. वासू हायस्कुलात गेला तो डब्यांवरच. नाही कशाला म्हणू?

पण त्या दिवसाचं सांगायला पाहिजे.

सेठची रेशमाची एक मोठी लड परत आली होती. पोपटी रंग कुठं गडद, कुठं फिका. सेठच्या माणसानं ती अंगणात टाकली आणि चार शब्द ऐकवून गेला. तू परत हंडा लावलास. पुडी चमच्यानं मोजलीस, तेजाब काचेच्या पेल्यानं मोजलं, डब्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघितलेस. दोन कामगार बघत होते. मी कोळसे घालता घालता बोलले, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं:

"चमच्यानं मोजतो तो रंगारी कसला? दवाखान्यातला कंपाउंडर! अप्पांनी तुला जीभ कशाला दिली रे, भात खायला?"

कामगार हसले. एक म्हणाला, "अण्णा, अक्कांना हंड्यावर बसवा, तुम्ही कोळसे घाला."

तू चमचा खाली ठेवलास. बोट बुडवलंस, झटकलंस, जिभेला लावलंस. माझ्याकडं बघत. मग थुंकलास आणि म्हणालास, "तेजाब कमी पडलं." अजून घातलंस. ती लड सारखी निघाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तू माझ्यापुढं येऊन लड धरलीस आणि म्हणालास, "बघ कंपाउंडरचं काम."

मला बरं वाटलं होतं, गुंडू. आपलं काहीतरी त्या डब्यात शिरलं असं वाटलं होतं. निळीच्या रांजणात गूळ आणि चुना होता, लाखेच्या हंड्यात चिंचेचं पाणी. ते जिभेवर घेतलं तरी काय होणार होतं? डब्यात काय होतं ते तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. डब्यावर लिहिलेलं आपल्याला वाचता येत नव्हतं. तरी त्या दिवसापासून तू प्रत्येक हंडा चाखलास. दिवसाला चार-पाच हंडे. ते किती वर्षं चाललं ते मोजायची माझी इच्छा नाही.

मग मिठाचं सुरू झालं. तू जेवताना म्हणायचास, "अक्का, सारात मीठ घातलंस का?" मी घातलेलं असायचं. वरून अजून द्यायची. वासूची आई असती तर तिनं काही ओळखलं असतं कदाचित. ती तोपर्यंत गेली होती. वासू तोंड वाकडं करायचा, "आत्या, हे सार आहे का समुद्र?" मी म्हणायची, तुझ्या बापाला विचार. आपण हसायचो. महिनाभर हा विनोद आपल्या घरात चालला होता.

आणि मग मुनियम्मा आली.

आपल्या मागच्या भिंतीपलीकडं उतारावर तिचा मळा होता. कनकांबर म्हणजे आपली अबोली, मोगरा, थोडी कोथिंबीर. आपली मोरी भिंतीखालून तिकडंच उतरायची. निळीचं पाणी होतं तोवर तिनंच मागून घेतलं होतं, त्यात चुना असतो, मातीला बरा म्हणून. रोज सकाळी ती तुझ्या पूजेला ओंजळभर फुलं भिंतीवर ठेवायची. तिच्या आईपासूनची ती रीत होती.

त्या दिवशी ती मागच्या दारानं आली, हातात पितळेचा तांब्या. ती कानडीत बोलत होती, आपणही कानडीतच बोललो. मी आपल्या भाषेत लिहिते.

"नोडी, बघा अक्का," ती म्हणाली आणि तांब्या माझ्यापुढं धरला. पाण्याला तांबूस झाक होती. "माझ्या विहिरीचं आहे. मोगऱ्याची पानं करपली. कोथिंबीर उगवतच नाही. काल गाईनं तोंड लावून मान फिरवली. अण्णा, तुमचं पाणी माझ्या विहिरीत उतरतंय."

तू हात पुसत पुढं आलास. तू रागावला नव्हतास. उलट हसलास. "मुनियम्मा, पाणी बघून काय कळतं? रंगाऱ्याला चाखायला दे."

तिनं तुझ्या तळहातावर पाणी ओतलं. तू घोट घेतलास, डोळे मिटलेस, जीभ फिरवलीस.

"गोड आहे," तू म्हणालास. "आमच्या विहिरीलाही इतकं गोड नाही. तुझं खत जास्त झालं असेल."

मुनियम्मानं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अक्का, तुम्ही सांगा. अण्णांपेक्षा तुमची जीभ चांगली, असं तुम्हीच सांगता ना गल्लीभर?"

मी घोट घेतला. कडू. थोडंथोडकं नाही. गंजलेला खिळा चोखल्यासारखं आधी, मग आंबट, मग जीभ कोरडी पडते तसं. लहान मुलानंही थुंकलं असतं.

मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू खोटं बोलत नव्हतास. तू खोटं बोलतोस तेव्हा खालचा ओठ चावतोस, हे मला तू सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. तू ओठ चावला नव्हतास. तुला ते पाणी खरंच गोड लागलं होतं. सारातलं मीठ मला त्या क्षणी कळलं. तुझी जीभ गेली होती.

"गोड आहे," मी म्हणाले.

मुनियम्मा वळली. "सरी, बरं," म्हणाली. पाणी आपल्या अंगणात ओतलं नाही. तांब्या तसाच भरलेला घेऊन गेली.

मी असं का म्हणाले, याची कारणं मला शोधावी लागत नाहीत. कडू म्हणाले असते तर मोरी बंद करावी लागली असती, आणि मोरी बंद तर काम बंद. हे एक. पण तेवढंच असतं तर मी तुला नंतर घरात सांगितलं असतं, दार लावून, की गुंडू, तुझी जीभ गेली आहे, चाखायचं सोड. तेही सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशानं गेली? आणि कशानं ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. कंपाउंडर कुणी म्हटलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर फुलं आली नाहीत. मी बाजारातून आणू लागले. तू रोज पूजा करायचास. बाजारातली फुलं तुला दिसत होती. एकदाही विचारलं नाहीस, की मुनियम्माची कुठं गेली?

आणि आठवड्यानं तू स्वतः कुदळ घेऊन मोरी फिरवलीस. दोन दिवस खणत होतास, कामगारांना हात लावू दिला नाहीस. भिंतीकडून काढून रस्त्याच्या कडेनं तळ्याकडं नेलीस. मी विचारलं तर म्हणालास, "उतार बरा मिळतो." उतार तिकडं नव्हताच. म्हणजे तुला कळलं होतं का रे? माझं तोंड बघून कळलं? का आधीच माहीत होतं आणि मी काय म्हणते ते बघत होतास? हे मला विचारायचं राहिलं. तळ्याचं मात्र आपण दोघांनीही काही मनावर घेतलं नाही. तळं तांब्या घेऊन कुणाच्या दारात येत नाही.

मुनियम्माला त्याचा उपयोग झाला नाही. विहीर एकदा बिघडली ती बिघडली. दोन वर्षांत तिनं मळा विकला आणि के. आर. पुरमला लेकीकडं गेली. मळ्यात आता घरं उभी राहिली आहेत. विहीर बुजवली. त्या घरांतल्या बायका भिंतीवरून मला विचारतात, "अक्का, इथली माती अशी कशी? काही येत नाही हो." मी म्हणते, खत घाला. तुझाच शब्द.

तू मोरी फिरवलीस, पण चाखायचं थांबवलं नाहीस. जीभ नसलेला माणूस हंडा चाखत होता आणि मी कोळसे घालत होते. रंग बरा चढायचा, कारण तोवर डोळ्यांना आणि हाताला सवय झाली होती. बोट जिभेला लावणं हे नुसतं लोकांसाठी होतं. खरं म्हणजे माझ्यासाठी होतं.

पुढं जीभ दुखायला लागली तेव्हा मोठ्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरनं तुझं तोंड उघडून बघितलं. जिभेच्या कडेला कधीपासून आलेला चट्टा एव्हाना पिकला होता. त्यानं विचारलं, "तंबाखू?" नाही. "पान-सुपारी? दारू?" नाही, नाही. "मग काय? रोज तोंडात काय जात होतं? आठवा." तू माझ्याकडं बघितलंस. बराच वेळ. डॉक्टरनं मला विचारलं, "तुम्ही सांगा, अम्मा." मी म्हणाले, "घरचं जेवण." तू मान हलवलीस, होय म्हणून. आणि खालचा ओठ चावलास. दुखत असताना चावलास.

डॉक्टरला सांगून तू वाचला असतास असं मला वाटत नाही. मी स्वतःला तसं समजावतही नाही आणि दोषही देत नाही. तुझं ठरलेलं होतं. पण वासूचं ठरलेलं नाही.

म्हणून, इथवर काल लिहून झाल्यावर, आज सकाळी मी हंड्याशी जाऊन उभी राहिले. वासूनं बोट बुडवलं. मी त्याचं मनगट धरलं.

"विंचू परत आला का, आत्या?"

"चाखायचं नाही," मी म्हणाले. "तुझा बाप त्यानं गेला. आणि त्याला चाखायला मी लावलं, चारचौघांत हिणवून. त्याची जीभ गेली हे मला कळलं तेव्हाही मी गप्प बसले. हे ऐकून ठेव आणि हात धू."

त्यानं हात धुतला नाही. रंगाचं बोट तसंच धरून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "मग तेजाब किती झालं ते समजायचं कसं?"

मी म्हणाले, "ते मला माहीत नाही. माझ्याकडं जीभच होती."

त्यानं बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "एक कागद मिळतो. निळा असतो. आंबट पाण्यात बुडवला की लाल होतो. हायस्कुलात बघितलाय मी. चिकपेटेत डब्यांच्या दुकानातच ठेवतात."

"मग इतके दिवस आणला का नाहीस?"

"बाबांसमोर कागद बुडवू?"

गुंडू, त्याच दुकानातून तू डबे आणत होतास. कागद तिथंच होता, फळीवर. आपण कधी मागितला नाही, कारण आपण रंगारी होतो.

वासू सायकल काढून गेला आणि तासाभरात घेऊन आला. बोटाएवढ्या पट्ट्या. एक हंड्यात बुडवली, लाल झाली. किती लाल म्हणजे किती तेजाब, हे त्याला अजून नीट कळत नाही. आजची पहिली लड फिकी निघाली, सेठ परत पाठवेल. पाठवू दे. वासू माझ्याशी जेवताना बोलला नाही. वाढलं ते खाल्लं, मीठ मागितलं नाही.

दुपारी मी एक पट्टी घेऊन आपल्या विहिरीवर गेले. नळ आल्यापासून ते पाणी आपण फक्त धुण्याला घेतो. बादली ओढली, पट्टी बुडवली. निळीच राहिली. कागदाला फक्त आंबट कळतं, बाकीचं कळत नाही. म्हणून मग मी बोट बुडवलं, झटकलं, जिभेला लावलं. माझं आता काय जायचं आहे?

कडू आहे, गुंडू. त्या दिवशी तांब्यातलंही कडूच होतं.